बेंझॉलच्या शेडमधले जगदाळे उस्ताद

जगदाळे उस्तादांनी माझा हात पहिल्यांदा हातात घेतला तो हुंगायला. डिपोतला माझा पहिलाच दिवस होता. दुपारी डबा उघडून मी जेवायला बसणार, तेवढ्यात एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस समोर येऊन उभा राहिला. त्यानं माझं मनगट धरलं, तळवा नाकाशी नेला आणि विचारलं, "शेडमध्ये गेला होता?" मी म्हटलं, हो, सकाळी पिंपांवरचे नंबर उतरवायला गेलो होतो.

"पिंपाला हात लागला आहे. साबणानं धुवा. कोपरापर्यंत. मग जेवा."

मी उठलो. चार माणसं हसत होती. हात धुताना मला त्या माणसाचा फार राग आला होता, आणि त्याचं कारण नुसता हा अपमान नव्हता. जगदाळ्यांचं नाव मला आधीपासून ठाऊक होतं. ते मल्हारगंजात आमच्या मागच्याच गल्लीत राहत. मला डिपोत कारकुनी मिळाल्याचं ऐकल्यावर आई पहिलं वाक्य बोलली ते हे, की तिथे तो जगदाळे आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. बायकोला मारून मारून संपवलं त्यानं. आईनं त्या बाईचे दंड स्वतः पाहिले होते. काळेनिळे. हळदीकुंकवाला आली की पदर ओढून बसायची, आणि विचारलं तर म्हणायची, कुठे लागलं ते आठवत नाही. गल्लीतल्या सगळ्या बायकांना त्याचा अर्थ कळला होता.

तेव्हा संस्थान जाऊन मध्यभारत राज्य आलं होतं. दरबारी खात्यांतली माणसं जिथे जागा मिळेल तिथे सामावून घेत होते. जगदाळ्यांचे आजोबा, पणजोबा फौजेत होते. ते स्वतः संस्थानच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. तिथून ते सरकारी बसगाड्यांच्या आमच्या डिपोत आले, आणि बेंझॉलची शेड त्यांच्याकडे आली.

बेंझॉल म्हणजे काय ते मला डिपोतच कळलं. त्या काळी येणारं पेट्रोल हलकं असे. सिमरोलच्या घाटात भरलेली गाडी चढायला लागली की इंजिन आतून ठोकायला लागे. पेट्रोलमध्ये ठरावीक भाग बेंझॉल मिसळलं की ते ठोकणं थांबे. कोळशापासून निघणारं, पाण्यासारखं पारदर्शक, गोडसर वासाचं ते द्रव्य बंगालकडून रेल्वेनं लोखंडी पिंपांतून यायचं. शेडच्या मागे जमिनीत अर्धी पुरलेली एक मोठी टाकी होती, तिच्यात ते ओतून ठेवत. त्यानं ग्रीस चुटकीसरशी निघे, म्हणून मिस्त्री लोकांना ते हात धुवायला भारी आवडायचं. वासही वाईट नव्हता. मला तर पहिल्या दिवशी तो आवडलाच होता.

उस्तादांना त्या वासाची भीती होती. भीती हाच शब्द बरोबर आहे. इतक्या लढवय्या खानदानातला माणूस, पण शेडमध्ये शिरण्याआधी गळ्यातला रुमाल काढून हवेत धरायचे, वारा कुठून येतो ते बघायचे आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. पिंपाचं बूच उघडायला त्यांच्याकडे पितळी हातोडी होती. लोखंडाला लोखंड लागून ठिणगी उडायला नको. एका पिंपातून दुसऱ्यात ओतायचं तर दोन्ही पिंपं आधी तांब्याच्या तारेनं जोडायची, आणि तारेचं टोक जमिनीत, ओतताना साचणारी वीज उतरून जावी म्हणून. फाटकापाशी एक डबा टांगलेला असे, त्यात विड्या आणि काड्यापेट्या टाकूनच आत जायचं. मोठ्या साहेबांनाही तो डबा चुकला नाही. साहेबांनी तो अपमान लक्षात ठेवला असावा, असं मला नंतर वाटलं.

त्यांचं एक बोलणं डिपोत सगळे नकला करून म्हणायचे. "वास आला की समजायचं उशीर झाला. आणि वास यायचा बंद झाला की समजायचं, फारच उशीर झाला." पोरं पोट धरून हसायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बेंझॉलच्या वाफेत थोडा वेळ उभं राहिलं की नाक मरतं, मग माणसाला वाटतं हवा साफ झाली. हे मला पुढे स्वतःच्या नाकानं कळलं.

शेडमधल्या लोकांचं डोकं दुखायचं, गरगरायचं. साहेबांनी त्यावर उपाय म्हणून रोज प्रत्येकाला दूध सुरू केलं. उस्ताद म्हणाले, दूध चांगलं आहे, जरूर प्या, पण दूध पोटात जातं आणि ही चीज छातीत जाते. दोघांची गाठ पडत नाही. त्यापेक्षा शेडच्या दोन भिंती काढा. साहेबांनी भिंती काढल्या नाहीत. दूध मात्र वेळेवर यायचं.

एकदा एक ड्रायव्हर पिंपातून बेंझॉल काढायला रबरी नळी तोंडात धरून ओढत होता. उस्तादांनी लांबून पाहिलं, धावत आले आणि त्याच्या अशी थोबाडीत दिली, की नळी एकीकडे आणि तो दुसरीकडे. तो ओठ पुसत, शिव्या देत उठला. उस्तादांनी त्याला नळापाशी नेऊन चुळा भरायला लावल्या आणि संध्याकाळपर्यंत मधून मधून त्याच्याकडे बघत राहिले. मी ऑफिसच्या खिडकीतून हे पाहत होतो. माझ्या मनात आलं, आई खरं बोलत होती. या माणसाचा हात सहज उठतो.

आता टाकीचं सांगतो.

टाकीच्या तळाशी गंज आणि गाळ साचला होता. ती आतून साफ करायची होती. उस्तादांचं म्हणणं असं, की टाकी रिकामी करायची, पाण्यानं काठोकाठ भरून पुन्हा रिकामी करायची, मग झाकण उघडं ठेवून दोन दिवस भात्यानं हवा घालायची, आणि त्यानंतर कमरेला दोर बांधून एकच माणूस आत. दोर धरायला वर दोघे. साहेबांना घाई होती. नवीन माल स्टेशनात येऊन पडला होता आणि टाकीतलं बेंझॉल उपसून झालं असलं तरी ती साफ झाली नव्हती म्हणून तो उतरवता येत नव्हता.

त्या दिवशी उस्ताद सकाळीच सियागंजात दोर घ्यायला गेले होते. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, शेडमध्ये जाऊन सांग, टाकी आजच साफ करायची, संध्याकाळी माल उतरायचा आहे. मी विचारलं, उस्ताद येईपर्यंत थांबायचं का? साहेब म्हणाले, "मी इंजिनियर आहे का तो?" मी जाऊन तसं सांगितलं. निरोप माझ्या तोंडून गेला, हे मी आजही स्वतःला सांगत असतो.

शेडमध्ये रामचरण आणि किसन नावाचे दोघे सख्खे भाऊ काम करत. महूकडच्या एका गावातले. रामचरण मोठा. तो तोंडाला ओलं फडकं बांधून, घमेलं घेऊन शिडीनं आत उतरला. फडक्यानं बेंझॉलची वाफ अडत नाही हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मी कागद घेऊन तिथेच उभा होतो. दोन घमेली गाळ वर आला. मग आतून घमेलं पडल्याचा आवाज झाला. किसननं हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यानं वाकून पाहिलं आणि तो ओरडला, "भैया गिर गए."

तो आत उतरायला टाकीच्या तोंडाशी बसला, एक पाय शिडीवर टाकला. आम्ही सगळे त्याला मदतच करत होतो. मी त्याचा हात धरला होता, नीट उतरावा म्हणून. दुसरा कुणी आतलं दिसावं म्हणून पेटवलेला कंदील घेऊन येत होता. नेमके त्या क्षणी उस्ताद फाटकातून आत आले, खांद्यावर नव्या दोराचं वेटोळं.

त्यांनी आधी कंदीलवाल्याला गाठलं. कंदील हिसकावून, त्याची काच हातात तशीच धरून, ते आल्या वाटेनं पळत गेले आणि भिंतीपलीकडे वाळूत तो पुरून आले. मग धावत टाकीपाशी. तोवर किसन कमरेइतका आत गेला होता. उस्तादांनी काखेत हात घालून त्याला बाहेर खेचलं. तो झटापट करायला लागला, रडत होता, भाऊ मरतोय म्हणत होता. उस्तादांनी मूठ वळून त्याच्या जबड्यावर मारली. तो खाली पडला. पुन्हा उठला. पुन्हा मारली. मग त्याला पालथा पाडून ते त्याच्या पाठीवर बसले आणि तिथून शांत आवाजात एकेकाला हुकूम सोडायला लागले. लोहारखान्यातला चाकाचा हातभाता आण, विस्तवापासून सोडवून, थंड. रेडिएटरची लांब नळी आण. तू दोराला फास घाल. वैद्यबाबू, तुम्ही फाटकाशी उभे राहा, एकही माणूस विडी घेऊन आत आला तर तुम्हाला सोडणार नाही.

वैद्यबाबू म्हणजे मी. फाटकाशी गेलो. तिथून सगळं दिसत होतं. किसनचा चेहरा धुळीत दाबला गेला होता आणि तो एकसारखा म्हणत होता, मला सोडा. भाता आला. नळी आत सोडली. दोन माणसं भात्याचं चाक फिरवायला लागली. उस्ताद टाकीकडे बघत होते आणि तोंडानं आकडे मोजत होते. किती मोजले कुणास ठाऊक. मला ते कधी संपणारच नाहीत असं वाटलं. आत एक माणूस मरत होता आणि हे भात्याचा वारा मोजत बसले होते. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, हा माणूस नाही, कसाई आहे. उस्तादांना ते ऐकू आलं असणारच.

मग ते उठले. किसनला धरायला दोघांना बसवलं. दोर स्वतःच्या कमरेला बांधला, दुसऱ्या दोराचा फास हातात घेतला, मोठा श्वास भरला आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस शिडीनं आत गेला. दोन झटके दिले की मला ओढा, असं सांगून गेले होते. झटके आले. आधी ते वर आले, ओठ निळे, डोळ्यांतून पाणी. पाठोपाठ फासात अडकवलेला रामचरण. त्याला वाऱ्यावर नेऊन निजवला, कपडे फाडून काढले, पाण्यानं धुतला. उस्ताद त्याच्या छातीवर हात दाबत होते. बऱ्याच वेळानं त्याला उलटी झाली. उलटी झाली तेव्हा उस्ताद मागे सरकले, भिंतीला टेकून बसले आणि कमरेची गाठ सोडायला लागले. ती त्यांना सुटेना.

रामचरण वाचला. इस्पितळात बरेच दिवस होता, पण चालत घरी आला.

चौकशी बसली. ग्वाल्हेरहून एक अधिकारी आले. मला लिहून घ्यायला बसवलं होतं, आणि साक्षीदार म्हणून दोन प्रश्नही विचारले. जगदाळे त्या दिवशी शेडमध्ये हजर होते का? मी म्हटलं, सुरुवातीला नव्हते. त्यांनी मजुराला मारलं का? मी म्हटलं, हो. दोन्ही उत्तरं खरी होती. टाकी उघडायचा हुकूम कुणी दिला हे त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. साहेब समोरच बसले होते. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. या दोन वाक्यांपलीकडे माझ्या गप्प राहण्याला काही कारण नाही.

उस्तादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, शेड माझ्याकडे आहे, जे झालं त्याचा जबाब माझाच. बस्, एवढंच.

मग किसनला बोलावलं. त्याचा जबडा अजून सुजलेला होता, शब्द नीट निघत नव्हते. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुला यांनी का मारलं? तो उस्तादांकडे वळला. म्हणाला, "साब, मैं अंदर चला जाता तो भैया को निकालता कौन? दोनों वहीं पड़े रहते. उस्ताद ने मारा, अच्छा किया." आणि मग, कुणी न विचारता, त्यानं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की हुकूम ऑफिसातून आला होता, हे बाबू घेऊन आले होते.

माझी लेखणी थांबली. अधिकारी आमच्या साहेबांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, निरोप समजण्यात चूक झाली असेल. मी खाली मान घालून तेच लिहिलं: निरोप समजण्यात चूक.

निकाल असा लागला, की जगदाळ्यांना मारहाणीबद्दल ताकीद देऊन शेडमधून हलवावं. त्यांना टायर-ट्यूबच्या गोदामात बसवलं. पण त्याच कागदात अधिकाऱ्यांनी उस्तादांचे सगळे नियम एकाखाली एक लिहून डिपोला पाळायला लावले. शेडच्या दोन भिंतीही निघाल्या. रिपोर्टात उस्तादांचं नाव फक्त मारहाणीपाशी होतं.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. आईला न सांगता. एकच खोली, पुढे ओसरी, आत सगळं जागच्या जागी. त्यांनी स्वतः चहा केला, पोहे आणि वर शेव दिली. मी काहीतरी माफीचं बोलायला लागलो तर म्हणाले, चहा गार होऊन राहिला आहे, प्या आधी. शेवटी मी विचारलं, तुम्ही चौकशीत काही बोलला का नाहीत? तुम्ही सियागंजात कशाला गेला होता एवढं तरी सांगायचं.

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या घरी माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे, भिया. पूर्ण गल्ली बोलते."



मग त्यांनी सांगितलं. मोटारखान्यात असताना त्यांना दरबारचा लोकरी निळा कोट असे. त्यावर ग्रीसचा एक डागही चालत नसे. धोब्याकडून तो डाग निघायचा नाही. मोटारखान्यात शर्यतीच्या गाड्यांसाठी विलायती बेंझॉलचे डबे यायचे, त्यातली एक बाटली ते घरी घेऊन आले आणि बायकोला दाखवलं, हे लावून चोळ, बघ कसा डाग जातो. तिला फार नवल वाटलं. तेव्हापासून ती रोज न्हाणीचं दार लावून आत बसून कोट चोळायची. दार लावून, कारण वास घरभर पसरू नये. मग मोटारखान्यातल्या इतरांचे कोटही यायला लागले. पाच-सहा वर्षं. नंतर तिला चढ चढताना धाप लागायला लागली. हिरड्यांतून रक्त यायचं. जरा कुठे टेकलं तरी दंडावर निळा डाग उमटायचा. वैद्य झाले, नवस झाले. शेवटी लष्करातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, घरात बेंझॉल येतं का? त्यांनी सांगितलं, हिच्या हाडांत रक्त तयार व्हायचंच बंद झालं आहे. तोवर काही हातात उरलं नव्हतं.

मी विचारलं, मग हे तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?

"काय सांगू? मी मारलं नाही म्हणून?" ते म्हणाले. "बाटली कोणी आणली होती?"

मी त्या रात्री आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, ती एकदा माझा शालू घेऊन गेली होती, डाग काढून देते म्हणून. इतका स्वच्छ करून आणला होता.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डब्यात चार घडीच्या पोळ्या जास्त घातल्या आणि म्हणाली, त्यांना दे. मी पुढे रोज देत गेलो. ते घेत. एकदाही म्हणाले नाहीत की का.

ते निवृत्त झाले. मग मध्यभारतही गेलं, मध्यप्रदेश झाला, आणि ऑफिसं भोपाळला निघाली. माझीही बदली झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात पेटीला कुलूप घ्यायला मी सियागंजात गेलो होतो. हातगाड्यांच्या गर्दीत माझा टांगा अडकला. समोर रंग-रोगणाचं दुकान होतं. दुकानदार एका बाईच्या लेमनच्या बाटलीत पिंपातून डाग काढायचं तेल ओतून देत होता, तोच बेंझॉलचा गोडसर वास, आणि बाईच्या शेजारी उस्ताद उभे होते. धोतर, कोट, टोपी. हातवारे करून तिला काहीतरी सांगत होते.

तेवढ्यात तिचा नवरा आला. परका म्हातारा आपल्या बायकोशी काय बोलतो आहे, म्हणून त्यानं त्यांच्या छातीला हात लावून मागे ढकललं. टोपी खाली पडली. दोघं-चौघं जमले. मी टांग्यातून उतरलो आणि गाड्यांमधून वाट काढायला लागलो. उस्तादांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि त्या नवऱ्याला तेच सगळं पुन्हा, हिंदीतून, सावकाश सांगायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं नाही. बायकोचा दंड धरून तिला घेऊन चालायला लागला.

ती दोघं माझ्याच बाजूनं आली. बाटली तिच्या हातात होती. कोपऱ्यावर नवरा गाड्यांमधून वाट काढायला पुढे झाला, तेव्हा ती एक क्षण थांबली, मागे वळून बघितलं, आणि बाटली हळूच भिंतीच्या कडेला ठेवून त्याच्यामागे निघून गेली.

उस्तादांना ते दिसलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते दुकानदाराकडे वळले होते आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागले होते.